नम्रताने न काढलेली चूक

माझ्या नणंदेचं नाव नम्रता आहे असं सांगितलं की नवीन माणूस आधी तिच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव ठेवताना सासूबाईंचा अंदाज साफ चुकला होता. नम्रता उबाळे मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. ती निवृत्त झाली, पण चुका काढायचं काम काही निवृत्त झालं नाही. चर्चमध्ये पडद्यावर गीताचे शब्द येतात. त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकला की ती गाता गाता थांबून 'च्च' करते, आणि ते पुढच्या बाकांवर ऐकू जातं. पाळकसाहेब उपासनेनंतर दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात. नम्रता त्यांचा हात धरूनच ठेवते आणि सांगते, "'माझी मदत करा' नाही, 'मला मदत करा'. मदत आपल्याला करतात." बिबवेवाडीतल्या आमच्या भाजीवाल्याने तर तिच्या धाकाने पाटी लिहायचंच सोडून दिलंय. तो आता भाव तोंडी सांगतो.

तिने लग्न केलं नाही. ती भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहते. खोली तिची स्वतंत्र आहे, पण वावर माझ्या स्वयंपाकघरात. माझं लग्न झालं त्या दिवसापासून आमची वादावादी चालू आहे, त्यामुळे माझ्या बोलण्यात कुणी फार कौतुक शोधू नये. पण अख्ख्या पुण्याच्या चुका काढणाऱ्या या बाईला एका माणसाची एक चूक काढता येईना, आणि त्यापायी आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, ते मी जवळून बघितलंय.

ते माणूस म्हणजे मुक्ता पाटोळे. दोघी नगरला एकत्र शिकल्या, एकाच खोलीत राहिल्या. पुढे मुक्ता पुण्यात मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन झाली. दीडशे मुलींना वेळेवर उठवणारी, जेवू घालणारी, आणि मोठ्याने हसणारी बाई. भेटल्या की दोघी आमच्या जुन्या मिशनच्या पद्धतीने "सलाम" म्हणतात, आणि मग 'नमू' आणि 'मुक्ते' सुरू होतं ते संपत नाही. नम्रताला कुणी नमू म्हटलेलं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. आमचे हे सख्खे भाऊ, पण त्यांचीही हिंमत नाही.

काही वर्षांपूर्वी मुक्ताच्या हृदयाची झडप बदलावी लागली. तिथे धातूची झडप बसवली, आणि तशी बसवली की रक्त पातळ ठेवणारी एक गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी चुकली तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर संपलंच. वाईट म्हणजे गोळी बंद केल्यावर माणसाला काही होत नाही. दुखत नाही, खुपत नाही, छान वाटतं. जे व्हायचं ते एकदमच होतं. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं, आणि पालेभाजी बेताने खायची, कारण पालेभाजीने त्या गोळीचा जोर उतरतो. मुक्ता अळूसाठी जीव टाकणारी, पण तिने सगळं पाळलं. महिन्याच्या तपासणीला नम्रता तिच्याबरोबर सदाशिव पेठेत जायची. रक्त देऊन झालं की दोघी मिसळ खाऊन यायच्या आणि मला घरी येऊन सांगायच्या की मिसळ पूर्वीसारखी राहिलेली नाही.

मग मुक्ताचे यजमान गेले. मुलगा अभिनव हैदराबादला. त्याने हडपसरपुढच्या मांजरी गावात फ्लॅट घेऊन ठेवला होता, उसाच्या शेतांना लागून उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींमध्ये. मुक्ता तिथे एकटी राहायला गेली. तिथून कॅम्पातल्या आमच्या चर्चला यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, आणि त्या वेळेवर आल्या तर. तिचं येणं कमी झालं. आमच्या मंडळीतून तिला भेटायला कोण गेलं? भगिनी मंडळाने एकदा फळं नेली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. झालं आमचं प्रेम.

तिच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी एक फेलोशिप, म्हणजे प्रार्थनासभा, भरायची. सूरज नावाचा यवतमाळकडचा पोरगा आठवडाभर कंपनीत नोकरी करून रविवारी तिथे बायबलमधलं वचन सांगायचा. टाळ्या, गिटार, हात वर करून प्रार्थना. आम्ही जुन्या वळणाची माणसं, आम्हाला जरा जास्तच वाटायचं ते. पण खरं सांगायचं तर त्यांच्यातली कुणी ना कुणी बाई रोज मुक्ताच्या दाराची बेल वाजवून जायची. मुक्ता पुन्हा मोठ्याने हसायला लागली, ती त्या लोकांमुळे.

आमच्या घरी महिन्यातून एकदा प्रार्थनेला चार माणसं जमतात. पावसाळा संपता संपता अशीच प्रार्थना होती आणि मुक्ता आली होती. मी अळूचं फदफदं केलं होतं, शेंगदाणे आणि मुळा घालून, आणि मुक्तासाठी वेगळा दोडका. पानं मांडली तर मुक्ताने अळूची वाटी घेतली, संपवली आणि परत पुढे केली.

"मुक्ते, तुझ्यासाठी दोडका आहे," नम्रता म्हणाली.

"दोडका ठेव तुझ्या भावाला. मला आता सगळं चालतं."

"या महिन्यात तपासणीला बोलावलं नाहीस मला."

"गेलेच नाही. गरज नाही आता."

"डॉक्टर म्हणाले?"

"अगं, मी बरी आहे, नमू."

आपण मराठी माणसं 'बरी आहे' कधीही म्हणतो. अंगात कणकण असली तरी बरी, सुनेने अबोला धरला असला तरी बरी. पण मुक्ताचं 'बरी' तसलं नव्हतं. ते तिने एकेक अक्षर तोलून म्हटलं, मान ताठ करून. प्रभूने जिला बरं केलं ती बरी, असं ते होतं. नम्रताने जन्मभर शब्दच चिवडलेत, तिच्या ते तिथल्या तिथे लक्षात आलं. तिच्या हातातला डाव भातावरच राहिला.

जेवणं झाल्यावर नम्रता तिला रिक्षापर्यंत सोडायला गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"वहिनी, मुक्ताने गोळी सोडलीय. महिना होत आला."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, नीट जा."

मला आधी वाटलं ती थट्टा करतेय. मी म्हटलं, "भाजीवाल्याने 'मिर्ची' लिहिली तर तू पंधरा मिनिटं त्याला उभा धरायचीस, आणि इथे तुझी मैत्रीण जीव द्यायला निघाली तर नीट जा?"

"तिला काय सांगू?" नम्रता खुर्चीत बसत म्हणाली. "प्रभूने तुला बरं केलं नाही, असं सांगू? त्याने काय केलं आणि काय नाही, ते मला कुठे ठाऊक आहे? ती किती दिवसांनी आनंदात आहे. मी बोलले आणि ती मला विश्वास नसलेली समजून माझ्याशी बोलायची बंद झाली, तर मग तिला सांगायला कोण उरेल?"

हे तिने इतक्या हळू सांगितलं की माझा राग जागच्या जागी थांबला. नम्रता कुणाला घाबरते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी ती पाळकसाहेबांकडे जाऊन आली. ते म्हणाले, विषय नाजूक आहे, सौम्यतेने आणि प्रेमाने सांगा, मी प्रार्थना करतो. सौम्यतेने म्हणजे कधीपर्यंत, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मग नम्रता मांजरीला जायला लागली. जाताना बसस्टॉपवर पुटपुटत उभी असायची, धडा घोकावा तशी. एकदा गेली आणि मुक्ताने दिलेलं लिंबाचं लोणचं घेऊन परत आली. एकदा गेली आणि मुक्ताच्या पडद्यांना हूक लावून आली. एकदा तर दोघी मिळून जुने फोटो बघून आल्या. दर वेळी मी दारातच विचारायची, "बोललीस?" आणि ती चपला काढत म्हणायची, "आज ती फार छान मूडमध्ये होती हो."

मला हे सहन होईना. मी अभिनवला हैदराबादला फोन केला. कुणाच्या घरात मी नाक खुपसलं म्हणून कुणाला राग आला असेल तर येऊ दे, मला त्यात अजूनही काही गैर वाटत नाही. पोरगा गोड बोलला. म्हणाला, "काकू, मी लगेच बोलतो मम्मीशी." संध्याकाळी त्याचा उलटा फोन आला. "काकू, बोललो मी. मम्मी म्हणाली बरी आहे. आवाजही एकदम फ्रेश होता तिचा. तुम्ही टेन्शन नका घेऊ." मी त्याला समजवायला गेले की ते 'बरी' म्हणजे तसं बरी नव्हे. तो म्हणाला, "हो हो काकू, मीटिंग आहे, ठेवतो." आमचे हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आता हैदराबादला मराठीचा वर्ग काढा."

नम्रताने तेवढ्यात स्वतःची एक युक्ती काढली होती. रोज सकाळी ती मुक्ताला फोन करायची आणि म्हणायची, "माझा चष्मा सापडत नाही गं, आजचं वचन वाचून दाखव." चष्मा तिच्या नाकावर असायचा. मुक्ता आनंदाने वाचायची आणि नम्रता डोळे मिटून कान देऊन ऐकायची. मला वाटलं, बरं आहे, निदान दोघी मिळून पवित्र शास्त्र तरी वाचतायत. मग एकदा तिने मला सांगितलं. मेंदूत गुठळी गेली की आधी जीभ जड होते, बोबडं येतं, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. ती मुक्ताचे 'ळ' आणि 'ण' ऐकत होती. "काळ, बाळ, प्राण, तारण, सगळं स्वच्छ आहे अजून," ती म्हणाली आणि देवाचे आभार मानले. त्यानंतर रोज सकाळी फोन लागला की मीही हातातलं काम टाकून दाराशी उभी राहायला लागले. फोन उचलायला मुक्ताने जरा उशीर केला की मी रिंग मोजत राहायची.

आणि एका सकाळी ते झालं. फोन स्पीकरवर होता. मुक्ता वाचत होती आणि तिचा 'त' चा 'थ' होत होता, 'स' मधून हवा जात होती, आणि 'ळ' तर ऐकूच येईना. नम्रता एकदम उभी राहिली. "मुक्ते, परत वाच. ते शेवटचं परत वाच." परत तेच. नम्रताने फोन टाकला आणि दार उघडून जिना उतरायला लागली. मी होते तशी तिच्या मागे. फातिमानगरच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा ती पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, "भाऊ, माझं माणूस चाललंय हो." त्याने मागे बघितलं आणि उलट्या बाजूने काढली.

मुक्ताने दार उघडलं. ती धडधाकट होती. खांद्यावर टॉवेल, तोंडाचं बोळकं.

"नमू? वहिनी? काय झालं? दादा बरे आहेत ना?" तिने तोंडावर हात धरून विचारलं. कवळी बाथरूममध्ये वाटीत भिजत पडली होती.

नम्रता तिथेच चपलांच्या स्टँडवर बसली आणि रडायला लागली. मला हसू आलं आणि हसता हसता मीही तिच्या शेजारी टेकले. मुक्ता आत जाऊन कवळी लावून आली. ती मेट्रन होती, दीडशे मुलींच्या लबाड्या ओळखायची. आमच्याकडे बघून तिला सगळं उलगडलं.

"रोज सकाळी चष्मा सापडत नाही तो हा," ती म्हणाली. "माझी जीभ तपासत होतीस."

"हो."

"आणि मला वाटत होतं, तुला वचन माझ्या आवाजात ऐकायला आवडतं."

नम्रताने डोळे पुसले आणि एवढ्या दिवसांनी एकदाचं म्हणाली, "मुक्ते, गोळी घे. हात जोडते तुझ्यापुढे."

"नाही घेता येत मला."

"त्या सूरजने सांगितलं तुला?"

"कुणी सांगितलं नाही." मुक्ता सोफ्यावर बसली. "तिथे माझ्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा छातीत ऊब आली. खरंच आली, नमू. मी उभी राहून साक्ष दिली."

आमच्यात साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. आमच्या चर्चमध्ये साक्ष द्या म्हटलं की सगळे आपापल्या बुटांकडे बघतात. मांजरीला मात्र रांग लागायची.

"सगळ्यांसमोर म्हणाले, प्रभूने मला बरं केलं," मुक्ता सांगत होती. "लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायका रडल्या. घरी आले, गोळी हातावर घेतली आणि वाटलं, ही गिळली तर मघाशी मी बोलले ते काय? खोटी साक्ष? दहा आज्ञा तूच मुलींकडून घोकून घ्यायचीस ना? त्यात काय लिहिलंय खोट्या साक्षीबद्दल?"

मी थक्क झाले. मला वाटत होतं तिला डॉक्टरांवर राग आहे, औषधाला ती पाप समजते, असलं काहीतरी असेल. तसलं काहीच नव्हतं. बाईला फक्त खोटं ठरायचं नव्हतं, आणि तेवढ्यासाठी ती मरायला तयार होती.

इथे नम्रताने माती खाल्ली. घाबरलेला माणूस आपल्या सवयीच्या वाटेने पळतो, तशी ती व्याकरणाकडे पळाली. "अगं, 'बरं केलं' म्हणायची घाई झाली तुझी. 'बरं करतो आहे' म्हण. अपूर्ण वर्तमानकाळ. गोळीतूनही तोच बरं करतो, मग साक्ष खोटी कुठे ठरते?"

मुद्दा बरोबर होता. पण मुक्ताचा चेहरा लाल झाला. "प्रभूने माझ्यासाठी जे केलं, त्याच्यात तू लाल पेन घालू नकोस. जा आता. आणि उद्यापासून सकाळी फोन करू नकोस."

दार तिने आपटलं नाही. हळू लावलं, आणि आतून कडी घातलेली आम्हाला ऐकू आली.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. नम्रता सकाळी फोन हातात घेऊन बसायची आणि लावायची नाही. जेवताना पुढ्यातलं चिवडत राहायची. रविवारी चर्चमध्ये पडद्यावर 'पवीत्र' असं आलं, चांगलं मोठ्या अक्षरात. मी वाट बघितली. ती गात राहिली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला तिच्याशी भांडायलासुद्धा काही सापडेना.

उपासना संपल्यावर ती पायरीवर थांबली. "वहिनी, आज संध्याकाळी मांजरीला जायचं. मुक्ता नाही ऐकत, तर ज्याच्यासमोर ती साक्ष झाली त्याला सांगते."

"तिला कायमचा राग येईल."

"येऊ दे. ती जिवंत राहिली तर रागावेल ना?"

आम्ही हॉलमध्ये लवकर पोहोचलो. खुर्च्या लावणं चाललं होतं. सूरज पुढे माइकच्या वायरी जोडत होता. दाढी नीट कोरलेला, हसतमुख पोरगा. "प्रेज द लॉर्ड आंटी, या ना, बसा," तो म्हणाला. नम्रता बसली नाही. तिचा शाळेतला आवाज परत आला होता.

"मुक्ता पाटोळेंच्या हृदयात धातूची झडप आहे. तुमच्याकडे साक्ष दिल्यापासून त्यांनी रक्त पातळ ठेवायची गोळी बंद केली आहे. त्या कधीही मरतील. हे तुम्हाला माहीत आहे का?"

खुर्च्या लावणारे थांबले. सूरजच्या हातातून वायर सुटली.

"बंद केली? पण का? मी कधी म्हटलं असं?" तो अगदी पांढरा पडला. "आंटी, माझे पप्पा रोज इन्सुलिन घेतात. मीच टोचतो त्यांना."

"गोळी घेतली तर आपली साक्ष खोटी ठरेल असं त्यांना वाटतं. मग हे इन्सुलिनचं माइकवरून का सांगत नाही?"

"मला वाटलं... सगळ्यांना कळतंच ना ते."

मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्या पोराचं तोंड बघून मी एक खुर्ची ओढून बसले. आम्ही इतके दिवस ज्याला घाबरत होतो, त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. आणि आम्ही तरी कुठे विचारलं होतं?

तेवढ्यात मुक्ता आली. नवी साडी, डाव्या हातात पर्स. सूरज धावतच गेला आणि तिच्यासमोर खाली गुडघ्यावर बसला. "आंटी, गोळी घेतल्याने तुमची साक्ष खोटी नाही होत. चूक माझी आहे. मी टाळ्या वाजवल्या, पण विचारलं नाही की डॉक्टर काय म्हणतात. आज मी तुमच्यासोबत उभा राहतो. दोघं मिळून सांगू सगळ्यांना."

मुक्ताने त्याच्या डोक्यावरून आमच्याकडे बघितलं. "नमू, तू इथे येऊन..." ती रागाने म्हणाली. "माझ्या माणसांमध्ये तू..." पुढचं वाक्य झालं नाही. तिच्या हातातली पर्स खाली पडली. ती वाकली, पर्सवर हात ठेवला, आणि बोटं मिटेनात. तिने परत प्रयत्न केला. मग वर बघितलं. राग गेला होता, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते मला पुन्हा बघायचं नाही.

"नमू, हा हात माझं ऐकत नाही."

सूरजने गाडी काढली. हडपसरच्या गर्दीत तो हॉर्नवर हात दाबून प्रार्थना करत होता, मोठ्याने, आमच्या कुणाच्या वळणाला न शोभेल अशी, आणि मी दर वाक्याला आमेन म्हणत होते. मागे नम्रताने मुक्ताचा तो हात दोन्ही हातांत धरला होता. "बोल, मुक्ते, बोलत राहा," ती सारखी म्हणत होती. मुक्ता बोलत होती, पण शब्द एकमेकांत चिकटून येत होते, आणि या वेळी कवळी तोंडातच होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टर बाईने विचारलं, "आजी, काय होतंय?"

"मी बरी नाही," मुक्ता जड जिभेने म्हणाली. "गोळी बंद केली होती. माझी मीच."

ते तिच्या तोंडून ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी भयंकर भीती वाटली. तिला आत नेलं. आम्ही बाकावर बसलो. अभिनव विमानाने निघाला. सूरजने फेलोशिपच्या ग्रुपवर लिहिलं की कुणीही गोळ्या सोडल्या असतील तर आजच चालू करा आणि मला फोन करा, आणि मग तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टर म्हणाल्या, गुठळी लहान आहे, वेळेत आणलंत, पण दोन दिवस काही सांगता येणार नाही. त्या दोन दिवसांत नम्रता माझ्याशी एकदाही भांडली नाही.

मुक्ता वाचली. जीभ हळूहळू वळायला लागली. डाव्या हाताची दोन बोटं मात्र अजून मिटत नाहीत, आणि मिटतील की नाही ते कुणी सांगत नाही. वॉर्डात आणल्यावर नम्रता तिला दुपारचा मऊ भात भरवत होती. मी उशीचा अभ्रा बदलत होते.

"माझ्यावर रागावली आहेस?" नम्रताने विचारलं. "मी तिथे येऊन तमाशा केला म्हणून?"

मुक्ताने घास गिळला. बोलायला तिला वेळ लागत होता.

"त्यासाठी नाही रागावले. त्या दिवशी तुमच्याकडे जेवायला आले ना, ती मुद्दामच आले होते. माझं मलाच नक्की नव्हतं, नमू. म्हटलं, नमूसमोर अळू खाऊन बघते. चुकत असेन तर ती मला सोडायची नाही. तिने आजवर कुणाला सोडलंय?"

नम्रताचा चमचा वाटीतच राहिला.

"तू काही बोलली नाहीस," मुक्ता म्हणाली. "रिक्षा येईपर्यंत मी वाट बघितली. मग घरी जाताना वाटलं, नमू गप्प बसली, म्हणजे माझं बरोबरच असणार."

मग नम्रताने उरलेला भात कालवला आणि एकेक घास मुक्ताला भरवला. मी अभ्रा तसाच हातात घेऊन बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले.